जेवत्या माशीला उठवू नये

"मुळासकट काड गो! मुळं म्हंजे गौरीचं पाय. पाय तोडलंस तर काय सरपटत येयल ती घरात?"

सड्याच्या मधोमध उभ्या राहून इंदूवहिनी ओरडत होत्या. इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा आवाज असा, की त्या आमच्या परसात कोंबड्या हाकलायला लागल्या की खाडीपलीकडच्या गावातल्या कोंबड्या घरात शिरतात. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर खाडी कशाला म्हटलं असतं, अरबी समुद्र म्हटलं असतं.

त्यांच्या अवतीभवती गावातल्या बायका कमरेत वाकून तेरडा उपटत होत्या. मांडीएवढा वाढलेला, गुलाबी फुलांनी लगडलेला तेरडा. ओल्या मातीतून मूळ सुटताना बारीक आवाज होतो. एका झाडाचा ऐकू येत नाही, पण सगळा सडा उपटला जात असला की तो आवाज जुनं लुगडं फाडल्यासारखा कानात शिरतो. आणि मी दोन्ही हात पसरून, भातात शिरलेली गुरं अडवावीत तशी त्यांच्यामधून धावत होते. "अहो थांबा! अगो, बी धरायचंय अजून त्याला!" माझं कोण ऐकतंय. ज्या बाईनं जन्मभर गावाला थापा मारून हसवलं, तिच्या तोंडून एखादं वाक्य खरंही निघू शकतं हे गावाच्या ध्यानात यायला फार वेळ लागतो.

आता पुन्हा भाद्रपद आलाय. आज सकाळी खालच्या रस्त्यावरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, "गो, गौरीला कदी जायचं?" आणि माझ्या हातातला चहा तसाच निवला. सडा आमच्या घरामागे, चढण चढून गेलं की लागतो. पूर्वी मी ती चढण बोलत बोलत चढायचे, वर पोचेपर्यंत एक गोष्ट संपलेली असायची. आता मधल्या फणसाखाली बसावं लागतं. दर पावसाळ्यात कुणीतरी गुपचूप येऊन त्या चढणीवर चिऱ्यांचा एकेक थर रचून जातं, असा माझा पक्का संशय आहे. ह्यांना तसं सांगितलं. आमचे 'हे' एसटीत कंट्रोलर होते. जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची आणि उत्तर द्यायचं नाही, ही विद्या त्यांना अवगत आहे. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि पेपर उलटला.

दमणुकीचेही प्रकार असतात. भात लावून आल्यावरची दमणूक गोड असते, तिच्यावर झोप लागते. लग्नघरातली दमणूक बडबडी असते. पण सगळ्यांच्या मालकीचं काही एकटीनं राखायला घेतलं, की जी दमणूक येते ती पाठीवर बसत नाही, पोटात बसते. तिला झोप हे औषध नाही. तिच्यावर मी एकच औषध शोधलंय, थाप मारायची. एक सणसणीत थाप मारली की अर्धा तास तरी हलकं वाटतं.

सडा म्हणजे काय, हे घाटावरून आलेल्या पाहुण्यांना सांगावं लागतं. सपाट, काळा, उघडा कातळ. चैत्रात त्यावर उभं राहिलं तर चप्पल आणि कातळ एकमेकांना विचारतात, आधी तू वितळतोस की मी? साप तिथून जाताना उड्या मारत जातो. पाहुणे म्हणतात, "पडीक आहे का हो सगळं?" आम्हीही म्हणतो, "हो, पडीकच." कारण त्यात भात होत नाही, नाचणी होत नाही, आणि ज्यात काही होत नाही ते पडीक, अशी आपली सरळ समजूत. सड्याला सातबारा असतो, मालक नसतो.

पण श्रावण लागला की हाच कातळ मनातलं बोलायला लागतो. खळग्याखळग्यांत पाणी साठतं, भेगांत बोटभर माती असते, आणि तेवढ्या मातीवर काय काय उगवायचं! पाण्याच्या कडेनं सीतेची आसवं, निळीजांभळी, इतकी बारीक की एकेक बघायला पोटावर पालथं झोपावं लागतं. पांढऱ्या गेंदाची बटणं. पिवळा कवळा. मग रानतीळ. आणि ह्या सगळ्यांच्या वर मान काढून तेरडा. मी लग्न होऊन आले तेव्हा सड्यावर एवढी फुलं असत, की पलीकडच्या वाडीत जाणारी माणसं वाट सोडून कडेनं जात, पाय कुठं ठेवायचा हा प्रश्न पडे म्हणून.

मग एकेक करून गेलं. एका बाजूला चिरेखाण आली. कातळाचे चौकोनी तुकडे होऊन ट्रकात बसून गेले, मागं विहिरीसारखे चौकोनी खड्डे राहिले. दुसऱ्या बाजूला कुणी सुरुंग लावून कातळ फोडला, बाहेरून माती आणून ओतली आणि कलमं लावली. उरल्या तुकड्यावर दर शिमग्याच्या आसपास कुणीतरी काडी टाकायचा. का, तर गवत नवं यावं म्हणून. किंवा नुसतंच, हातात काडी होती म्हणून. जळत जळत सडा टकला झाला. कुणी रडलं नाही. मीही नाही. पडीक गोष्ट मेली तर सुतक कोण धरतं?

रडायची वेळ आली ती मोहोराला.

आमची कलमं सड्याला लागून आहेत, मधे फक्त दगडी गडगा. गडग्यापलीकडे सलीमभाईंची बाग. सलीमभाई तरुणपणी मस्कतला गेले, तिथं वाळूत वय घालवून परत आले आणि इथं आंब्यांत पडले. त्या वर्षी मोहोर असा आला, की झाडावर पान दिसेना. माणसं रस्त्यावरून जाताना थांबायची. मी तर गावभर सांगितलं, ह्या वर्षी आंबे ठेवायला घरात जागा नाही, 'ह्यांना' अंगणात झोपवणार आहे. आणि मग तो सगळा मोहोर वाळून, काळा पडून, खाली गळला. कणीएवढी कैरी धरली ती इथं एक, तिथं एक.

सलीमभाई गडग्यावर कोपरं टेकून झाडाकडे बघत होते. म्हणाले, "वैनी, आयकताव काय?"

"काय ऐकू?"

"तेच तर. कायच आयकायला येत नाय."

खरंच नव्हतं येत. माणसांचे आवाज होते, लांबून ट्रकाचा होता, पण मोहोरात जी गुणगुण असते, अंघोळीचं पाणी तापायला लागल्यासारखी, ती नव्हती. एवढा मोठा मांडव घातलेला, पत्रावळी मांडलेल्या, आणि जेवायला कुणी नाही. तुडतुड्यांसाठी फवारलेलं औषध मधमाश्यांनाही पोचलं होतं. तेवढं आम्हाला नंतर नंतर कळलं. पण औषध आम्ही कमी केलं तरी पुढल्या वर्षी माश्या आल्या नाहीत.

तेव्हा सलीमभाईंनी पेट्या आणल्या. सातेरी मधमाश्यांच्या लाकडी पेट्या, टेम्पोतून, गादीवर ठेवून, नव्या नवरीसारख्या. मोहोर होता तोवर माश्या राबल्या. आम्ही दोघं गडग्याच्या दोन बाजूंना बसून नुसते ऐकत असायचो. आंबाही धरला. मग पावसाळा आला, आणि गणपतीच्या आधी एक दिवस सलीमभाई तोंड पाडून आले.

"गेल्या."

"कोण?"

"माश्या. सगळ्या. पेटी रिकामी. व्हिसा संपला असेल."

चेष्टा करत होते, पण डोळे चेष्टेत नव्हते. पुढं म्हणाले, "वैनी, मस्कतला आमाला कंपनी जेवन द्यायची. कामाच्या महिन्यात दिलंनी आनि बाकी वर्सभर उपाशी ठेवलंनी असतं, तर मी तरी थांबलो असतो काय?"

इतकं साधं होतं. मोहोर पौष-माघातला. बाकीचं वर्ष माशीनं काय खायचं? पावसाळ्यात आणि पावसाच्या शेवटाला तिला जेवण घालायचं ते सड्यानं, आणि सड्याचं स्वयंपाकघर तर आम्ही जाळून बसलेलो. आणि पेटीतल्या माश्या तरी पेटीतल्या. मोहोरावर येणाऱ्या त्या बारीक रानमाश्या, जमिनीत बिळं करणाऱ्या, वाळक्या लाकडात राहणारे ते काळे भुंगे, त्यांना तर पेटीही नव्हती.

मग मी ठरवलं, सड्यावर फुलं लावायची.

हे गावात सांगितल्यावर जो हशा पिकला, त्यानं दोन घरांची कौलं सरकली. "मंदा कातळावर गवत लावते!" इंदूवहिनींनी तर देवळात सांगितलं, की धाकट्या जावेला उन्हाचा त्रास झालाय, कुणी तिला कोकम सरबत न्या. रोज कुणीतरी कुंपणाशी यायचं आणि विचारायचं, "काय मंदाकाकी, कातळ नांगरून झाला?" मीही सांगायचे, "नांगर मोडला रे. आता रेल्वेचं इंजिन मागवलंय."

कामं मात्र चेष्टेची नव्हती. पलीकडच्या, अजून शाबूत असलेल्या लांबच्या सड्यावर जाऊन बी गोळा करायचं. तेरड्याची पिकली बोंडं हात लागला की फुटतात आणि बी डोळ्यांत उडतं. त्याला खालून पदर धरावा लागतो, आणि तरी निम्मं जगाला दान जातं. ते बी बारीक मातीत मिसळून भेगांतून, खळग्यांच्या काठानं सोडायचं. गुरं येऊ नयेत म्हणून काटेरी फांद्यांची शिरडं घालायची. शिमग्याच्या आधी कडेकडेनं गवत काढून मोकळा पट्टा करायचा, म्हणजे आग आली तरी थांबेल. एवढं करून पहिल्या वर्षी मुंग्या माझं बी माझ्यादेखत घेऊन गेल्या. ओळीनं, शिस्तीत. उरलं ते आषाढातल्या पाण्यानं व्हाळाला नेलं.

दुसऱ्या वर्षी सलीमभाईंना माझी दया आली. मी दोन दिवस लेकीकडे गेले होते. परत येऊन बघते तर सड्यावर टेम्पोभर शेणखत पसरलेलं! उत्तम, कुजलेलं, काळंभोर. सलीमभाई बाजूला हसत उभे. "बगा वैनी, आता काय फुलं येतील!" त्यांना तरी काय म्हणायचं. कोकणातल्या माणसाला कुणी उपाशी दिसलं की वाढायचंच माहीत. मीही आनंदानं हात जोडले. आणि त्या पावसात सडा असा माजला, की काय सांगू! टाकळा कंबरेएवढा. रानमोडी डोक्याएवढी. गवतात म्हैस हरवली, ती थेट दिवाळीला जाडजूड होऊन परत आली. पण सीतेचं एक आसू नाही, एक गेंद नाही. ज्यांना बोटभर मातीवर जगायची सवय, त्यांना पंक्तीत बसवलं आणि दांडग्यांनी त्यांचं ताटच ओढून घेतलं. मग आम्ही दोघांनी ती सगळी माजलेली हिरवळ उपटली आणि खताची माती खरवडून खरवडून भाजीच्या वाफ्यात आणली. कातळाला पुन्हा गरीब करायला आख्खा हिवाळा गेला. श्रीमंत करणं सोपं होतं.

म्हणून तो तिसरा पावसाळा. तोच माझा ऋतू. आयुष्यात इतके पावसाळे बघितले, पण डोळे मिटले की तोच येतो, बाकीचे रांगेत मागं उभे राहतात.

श्रावणात एका सकाळी वर गेले आणि खळग्याच्या काठाला निळं दिसलं. मला वाटलं, कुणाचं काही सांडलंय. वाकून बघितलं, मग गुडघ्यावर बसले, मग सरळ पालथी झोपले. सीतेची आसवं. वाऱ्यावर हलत होती, एवढीशी. त्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नाही. थाप मारायला जमतं, पण खरं सांगायला तोंड उघडेना. मग गेंद आला, कवळा आला, आणि भाद्रपद लागता लागता तेरड्यानं सगळा कातळ गुलाबी केला. आणि त्यावर ते पाहुणे. पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी, फुलापुढं हवेत थांबते आणि मग आत घुसते. सातेरी, सलीमभाईंनी पुन्हा आणलेल्या पेट्यांतल्या. पिवळ्या कमरेच्या, मधमाशीचं सोंग घेतलेल्या त्या फुलमाश्या. काळे भुंगे, आपल्याच वजनानं फूल वाकवणारे. सडा एवढा गुणगुणत होता, की खालून जाणारा वायरमन वर चढून आला, ट्रान्सफॉर्मर कुठं बसवलाय बघायला.

सलीमभाई गडग्यावर येऊन बसत. एकदा फक्त म्हणाले, "आयकायला येतंय."

मला एवढंच हवं होतं, की हा तेरडा आश्विनापर्यंत उभा राहावा. तेरडा वर्षाचं झाड. बी धरलं, बोंडं फुटली, बी भेगांत पडलं, तर पुढल्या वर्षी आपोआप. मग मला बी आणायला लांब जायला नको, पदर धरायला नको. पेटीतल्या माश्या टिकतील, रानमाश्या टिकतील, पौषात मोहोराला पाहुणे मिळतील. मग मी बसून राहीन. ह्या एका इच्छेवर मी ते सगळं केलं होतं, की एक दिवस माझ्याशिवाय हे चालेल आणि मला बसता येईल.

आणि गौरी आल्या.

आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा. तो मुळासकट उपटायचा, पाणवठ्यावर न्यायचा, मुळं धुवायची, म्हणजे गौरीचे पाय धुतले. मग तोंडात पाण्याची चूळ धरून, एक शब्द न बोलता तिला घरी आणायचं. इंदूवहिनींना गप्प बघायचं भाग्य वर्षातून तेवढ्याच वाटेवर मिळतं. पूर्वी बायका कुठल्याही सड्यावर जायच्या. आता जवळचे सडे उरले कुठं? कुठं खाण, कुठं कंपाउंड. आणि त्या वर्षी खालच्या रस्त्यावरून सगळ्यांना दिसलं, मंदाचा सडा गुलाबी आहे. ज्यांनी कातळावर गवत म्हणून हसून घेतलं, त्या सगळ्या टोपल्या घेऊन वर आल्या. पुढं इंदूवहिनी. त्यांच्या घरी नव्या सुनेचा पहिला ओवसा होता. नवी सून गौरीला सुपं वाहणार, पाहुण्या येणार, म्हणून गौर यंदा भरघोस हवी होती.

मी अडवू कुणाला? गौरीला नाही म्हणायचं, तेही सणाच्या दिवशी, तेही आमच्याच घरच्या गौरीला! ती गौर थोरल्या घरी बसते, पण आहे दोन्ही घरांची. मी नाही म्हटलं असतं तर गावानं पुढच्या सात गौरींना ते सांगितलं असतं. आणि खरंच, मनातून मलाही नाही म्हणवत नव्हतं. एकेक घर एकेक झाड घेतं तर काय जातं? पण बायका टोपल्या भरत होत्या. भावजयीसाठी, शेजारणीसाठी, मुंबईहून उशिरा येणाऱ्या नणंदेसाठी.

धावून धावून दम लागला तेव्हा मला माझं एकमेव शस्त्र आठवलं. इंदूवहिनी एका भरल्या झाडाला हात घालत होत्या. मी ओरडले, "वहिनी! हात काढा! जेवती आहे ती!"

त्यांचा हात थांबला. "कोन जेवती?"

"ही बघा." फुलाच्या पिशवीत एक निळ्या पट्ट्यांची माशी कमरेपर्यंत घुसली होती, मागचे पाय तेवढे बाहेर. "पानावर बसल्ये. जेवत्या माणसाला पानावरून उठवतात का? माझ्या माहेरी गौर काढताना माशी बसलेल्या झाडाला हात लावत नाहीत. माशी म्हणजे गौरीआधी जेवायला आलेली माहेरवाशीण. ती उठेपर्यंत थांबायचं."

"तुज्या म्हायेरी?"

"आंजर्ल्याला. कड्यावरच्या गणपतीच्या खालच्या आळीत. विचारा कुणाला."

आंजर्ल्याला जाऊन विचारणार कोण? माझं माहेर मी जन्मभर असंच वापरलंय. वहिनींनी डोळे बारीक केले. "तुज्या म्हायेरी सगलंच असतं गो. मागं म्हनालेलीस, तिकडं मासा झाडावर चढतो." पण हात त्यांनी काढून घेतला. कारण थाप असली तरी रीत पटण्यासारखी होती. जेवत्याला उठवणं म्हणजे पाप, हे त्यांना माझ्या माहेरानं शिकवायला नको होतं. त्यांनी मान वळवली आणि आवाज लावला, "थांबा गो! माशी बसलीय त्या झाडाला हात नका लावू!"

बायका थांबल्या. आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच, मी बघितलं, आमच्या गावातल्या एवढ्या बायका एका जागी उभ्या राहून फुलांकडे बघत होत्या. आधी वैतागून. मग वाकून. मग एकीनं टोपली खाली ठेवली आणि बसलीच.

"ही उटतच नाय गो. केवडी भूक तिला!"

"उटली, उटली! अगो, पाठ बग तिची. पिठाच्या गिरनीतनं आल्यागत."

"पीठ नव्हं ता. अक्षता. नवरीच हाय."

"ती गेली नि दुसरी बसली की ह्याच पानावर!"

"पंगत हाय ही. पयली उटायच्या आदी दुसरी मागं उबी."

"मग आमी कवा घेयाची गौर? दिवाळीला?"

हसत होत्या. इंदूवहिनी एका खडकावर बसून एका भुंग्याकडे बघत होत्या, तो फुलात मावत नव्हता आणि तरी घुसत होता. म्हणाल्या, "अगदी तुज्या भावोजींसारका." दोघीतिघी जणी कंटाळून कडेची, माशी नसलेली झाडं घेऊन उतरायला लागल्या. मी मनात म्हटलं, मंदे, तरलीस. एका थापेनं सडा वाचवलास. आता ही रीत गावात रुजेल, गावाबाहेर जाईल, जिल्हाभर होईल, आणि पुढल्या पिढीतल्या बायका सांगतील की अशी रीत पूर्वापार आहे. मला तर ऐकूही यायला लागलं.

आणि आभाळ दाटून आलं.

भाद्रपदातली सर, ती कुणाला विचारून येते? समुद्राकडून पांढरा पडदा चालत आला आणि सड्यावर कोसळला. बायकांनी डोक्यावर टोपल्या घेतल्या. थेंब असे मोठे, की एकेक वेगळा मोजता यावा. आणि सड्यावरची ती सगळी गुणगुण, पंखा बंद करावा तशी थांबली. माश्या गेल्या. पानांखाली, भेगांत, बिळांत, जिकडं जाता आलं तिकडं. सर थोडी ओसरली तेव्हा फुलांतून पाणी गळत होतं, आणि एकाही फुलावर कुणी नव्हतं.

इंदूवहिनी उठल्या. लुगड्याचा पदर पिळला. सड्यावर एकदा नजर फिरवली, अगदी नीट, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाल्या, "उटल्या. सगल्या उटल्या. पंगत झाली गो. काडा आता."

रीत माझीच होती. माझ्याच माहेरची.

भिजलेल्या मातीतून तेरडा किती सहज सुटतो! ओढावंही लागत नाही. त्यांनी काही वाईट मनानं केलं नाही. उलट प्रत्येक झाड उपटायच्या आधी वाकून बघत होत्या, आत कुणी राहिलंय का. एकीनं तर झाड हळूच झटकलं, मग उपटलं. सलीमभाई गडग्यापलीकडून बघत होते, छत्री मिटलेली, स्वतः भिजत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी छत्री उघडली आणि बागेत निघून गेले. सणाच्या दिवशी शेजाऱ्यानं काय बोलायचं?

सड्यावर गेंद राहिला, कवळा राहिला, पायाखाली निम्मी आसवं गेली. मधला सगळा गुलाबी पट्टा टोपल्यांतून खाली उतरला. आश्विनात सातेरीच्या दोन पेट्या रिकाम्या झाल्या. सगळ्या नाही. ती निळ्या पट्ट्यांची माशी काही दिवस त्या जागेवर येऊन हवेत थांबायची, आणि मग निघून जायची. मोहोराला थोडी गुणगुण होती. शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय एवढी.

तेव्हापासून दर आश्विनात मी पुन्हा लांबच्या सड्यावर जाते. पुन्हा पदर धरते. पुन्हा बी डोळ्यांत जातं. तेरडा येतो, कधी दाट, कधी विरळ, आणि दर भाद्रपदात टोपल्या वर येतात. रीतही आली आहे. बायका अजून माशी बघतात, नव्या सुनांना सांगतात, "जेवत्या माशीला उठवू नये." मात्र त्याबरोबर अनुभवाचं शहाणपणही आलंय. आता आभाळ भरून आलेलं बघूनच चढतात, म्हणजे सर आली की पंगत उठते. दरवर्षी मी म्हणते, यंदा शेवटचं. 'हे' ऐकून घेतात.

आज वर गेले नाही अजून. गुडघे म्हणतात जाऊ नको, कान म्हणतात जाऊन ऐक. खिडकीतून चढणीचा पहिला टप्पा दिसतो, ओला, शेवाळलेला. त्याच्याकडे बघत बसलं की त्या दिवसाची संध्याकाळच आठवते, सकाळ नाही.

संध्याकाळी थोरल्या घरी गौर बसली होती. मुखवटा, हिरवी साडी, नथ, आणि साडीच्या आत माझा सगळा सडा. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. नवी सून सुपं मांडत होती. स्वयंपाकघरात इंदूवहिनी नैवेद्याच्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी दारातच उभी राहिले. पायात सड्याचा चिखल तसाच. भांडायला गेले होते, पण भांडायलाही अंगात जोर लागतो.

म्हटलं, "वहिनी, एकाही झाडानं बी धरलं नव्हतं. पुढल्या वर्षी तिथं काही उगवणार नाही. मग गौर कुठून आणाल?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबली, आणि वर न बघता म्हणाल्या, "तू लावतेस ना."